इखातली मेंढी

बसा पाव्हनं, ह्या धोंड्यावर बसा, ऊन खाऊन उबदार झालाय. सांज पडस्तवर एक गोष्ट सांगतो. खरी हाय, माझ्या भाचीची हाय.

बघा हा माळ. गवत वाळून सोनकेसरी झालंय, कुसळं पेटल्यावानी उजळल्यात. काळ्या पाठीवर, करड्या पाठीवर उतरतं ऊन घरंगळतंय. कोकरं पुढं, दुडक्या पायांची. गाभन मेंढ्या मागं, जडावल्या पोटाच्या. हलकं पुढं, जड मागं.

शालन म्हनती, तिचं यंत्र अगदी असंच चालतं.

शालन कोळेकर, माझ्या थोरल्या भनीची लेक. ह्याच माळावर लहानपनी तिला इंचवानं नांगी मारली. रडून रडून पोर थांबली आन् इचारती कशी, "मामा, त्या एवढ्याशा थेंबात असतं काय?"

"आग असती, बाय."

तेवढ्यानं तिचं भागलं न्हाई. त्या एका थेंबापायी पुण्याला गेली, शिकत गेली, डॉक्टरीन झाली, सुई न टोचनारी.

इखात प्रथिनं असत्यात म्हनं, नजरंच्या पल्याडची. तिचं यंत्र इजेच्या धक्क्यानं त्यांचं तुकडं उधळतं, वारासुदिक नसलेल्या नळीतनं. हलकं पुढं पोचतं, जड मागनं येतं. आन् पडद्यावर डोंगर उठत्यात, सुईटोकाचं, रांगेनं. ज्या त्या प्रथिनाची आपली डोंगररांग. शालन त्या डोंगरांत हिंडली. केसांत चांदी उतरली, तरी हिंडत ऱ्हायली.

मग एक रांग उठली, कुनाच्याच वळखीची न्हाई. दर थेंबात तीच. शालननं लेख लिहून धाडला, इंचवाच्या इखात नवं प्रथिन गावलं. तिच्या वरच्या दातार मॅडम हरखल्या. कायमची नोकरी, सोताची प्रयोगशाळा, समदं त्या डोंगरांच्या पायथ्याला येऊन उभं ऱ्हायलं.

पर शालनच्या मनात कुसळ रुतलं. माळावरच्या इंचवात तीच, कोकनातल्या इंचवात बी तीच, असं कसं? तिनं यंत्रात नुसतं पानी सोडलं. इख न्हाई, इंचू न्हाई, निर्मळ, निवळशंख पानी.

पडद्यावर तीच रांग उठली.

आजवर ती यंत्राला म्हनायची, इंचवांच्या भावकीत हुडक. आता म्हनली, साऱ्या जितराबात हुडक. यंत्रानं नाव सांगितलं.

मेंढी.

यंत्राची खोली गारठ्याची. आईनं धाडलेलं घोंगडं पांघरून शालन तिथं बसायची. काळ्या लोकरीचा धुरळा, धुरळ्याहून बारीक धुरळा, थेंबाथेंबात उतरला व्हता.

दातार मॅडम हळूच म्हनल्या, "नोकरीचा आदेश निघू दे, शालन. मग सांग. तोवर कोण विचारतंय?"

"मी विचारतेय, मॅडम. उद्या कुणी यावर औषध करायला बसेल. विंचू चावलेल्या पोराला मेंढीचा उतारा द्यायचा का?"

तिनं लेख मागं घेतला. नोकरी दुसऱ्याला गेली. हसनारं हसलं.

हितं आली तवा मी बी म्हनलं, "एवढी शिकलीस आन् शेवटी मेंढरंच वळलीस की गं." भनीनं डोळं वटारलं. शालन मातर पोट धरून हसली. हसता हसता शेजारच्या मेंढीला टेकली. तिची बोटं मेंढीच्या पाठीत रुतली व्हती.

"मामा, आपली काळी लोकर पाऊस झटकती, करडी भिजती. का?"

"मला काय ठावं? आज्यापासनं असंच ऐकतोय."

"म्हंजी कुनालाच ठावं न्हाई?" ती म्हनली, आन् तिच्या डोळ्यांत दिवा लागल्यावानी झालं.

आता ती लोकर तोलती. दुसऱ्याच्या प्रयोगशाळंत, एका कोपऱ्यात, उसन्या यंत्रावर. बाकीचं ज्याला मळ म्हनून झटकत्यात, त्याचंच डोंगर न्याहाळती. काळ्या लोकरीचं डोंगर, करड्या लोकरीचं डोंगर. उत्तर गावलेलं न्हाई अजून. झोप मातर चांगली लागती, म्हनती.

तवा पाव्हनं, तुमी घाटमाथ्याला निघालाय. तिकडं धुक्यात मेंढरं चरत्यात म्हनं, धुक्याच्याच रंगाची, भिजून बी न भिजलेली. मेंढक्याला रामराम घाला, चिमूटभर लोकर मागा. बोट लावू नगा, न्हाईतर बोटाच्या कातड्याचा धुरळा लागून पडद्यावर मेंढीच्या जागी तुमीच उभं ऱ्हाल. कोऱ्या कागदात कातरून घ्या, अलगद घडी घाला, आन् धुक्याचा तेवढा झुबका शालनला पोचता करा.