दुसऱ्याच्या हातातलं पोर

रुईफांगने मिनच्या कमरेवर गुडघा रोवला आणि अंगाचा सगळा भार सोडला. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही पाय दोन दिशांना फाकलेले, तळवे भिंतीला चिकटलेले, तोंडात टॉवेलचं टोक. मांड्या अजून जमिनीपासून मूठभर वर होत्या. ती मूठ रुईफांगला आज संपवायची होती.

"श्वास सोड. सोड म्हणते ना! कोंडून धरलास की शीर आणखी आखडते."

मिनने श्वास सोडला. टॉवेल सोडला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली. "मेले गं आई! मेले!"

ती शुआंग होती, रुईफांगची मुलगी. पलीकडच्या खोलीत मिनची आई सुमेई, तीही इथलीच कोच, तिचे पाय फाडत होती. 'पाय फाडणं' हा त्या शाळेतला रोजचा शब्द. वाफेवरचा पाव फाडावा इतक्या सहज पोरं तो उच्चारत. रुईफांगचा गुडघा क्षणभर हलका पडला. मग तिने तो परत रोवला, आधीपेक्षा जोरात.

ही अदलाबदल दोघींच्या वस्तादाने घालून दिलेली. कोचने आपलं पोर आपल्या हाताने दाबायचं नाही. हात कचरतो, आणि कचरत्या हाताखालचं पोर कच्चंच राहतं. म्हणून तुझं माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. तेही दार लावून, कारण कोचचं पोर रडताना बाकीच्यांनी पाहिलं तर उद्या कोचला कोण भीक घालणार? वस्ताद मेला. त्याचा फोटो तालमीच्या दारावर टांगला गेला आणि नियम फोटोपेक्षा घट्ट बसला. डोंगराच्या पायथ्याला असल्या कुंगफूच्या शाळा ढिगाने होत्या. बाहेरच्या भिंतींवर उड्या मारणारे वीर रंगवलेले, आत पोरांची रडारड. रस्त्याने जाणारा मान वळवून बघत नसे. त्या मुलखात दया म्हणजे आळशी माणसाचा बहाणा होता.

शिशिर लागला की प्रांताच्या संघातून निवड करणारा माणूस येणार होता. एका वयाची एकच मुलगी तो नेत असे. नेली की जेवण, राहणं, शाळा, पुढे नोकरी, सगळं सरकारचं. नाही नेली की इथेच राहून दुसऱ्यांच्या पोरांच्या पाठीवर गुडघे रोवायचे. हे दुसरं आयुष्य रुईफांगला चांगलं माहीत होतं. सुमेईलाही.

दारं उघडली तेव्हा दोघी नळावर भेटल्या. सुमेई धाकटी, तालमीत मागाहून आलेली, म्हणून रुईफांगला ताई म्हणे.

"कशी आहे माझी?" रुईफांगने विचारलं.

"घसा चांगलाय तिचा."

"ओरडू दे. ओरडणारी पोरं लवकर मोकळी होतात. तुझी मात्र मुकी आहे बाई. दगड दाबल्यासारखं वाटतं."

सुमेईने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या. एक फोडली. "मुकी असली तरी दुखतं तिला, ताई."

"दुखणारच. गादीवर लोळायला आलीय का?"

सुमेई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, उधार दिलेली वस्तू परत मागावी की नको अशा नजरेने. मग टरफल थुंकून निघून गेली.

रात्रीच्या जेवणाला शुआंग पाय फेंगाडून चालत आली. रुईफांगने तिच्या शेवयांच्या वाडग्यात आपलं अंडं टाकलं.

"दुखतं?"

"खूप."

जेवणानंतर ती लेकीच्या मांड्यांना दारूत मुरवलेला पाला चोळत बसली. मांड्या थंडगार होत्या. कुठे सूज नाही, कुठे काळंनिळं नाही. औषध मानवतंय, असं रुईफांगने स्वतःला सांगितलं. शुआंग भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"एवढा हिवाळा सोस, राणी. मग तुला कुणी हात लावणार नाही."

"हं," शुआंग म्हणाली.

निवडीचा माणूस आला तो चहाचा थर्मास छातीशी धरून. मुली पाय फाकवायला रांगेत उभ्या राहिल्या. मिन जमिनीवर अशी उतरली, जणू कुणी ओलं कापड अंथरलं. माणसाने मान डोलावली. शेजारी शुआंगही उतरली, आणि मध्येच थांबली. लाल होऊन तिने जोर लावला, पण खुबे काही हलले नाहीत. माणसाने बुटाचं टोक तिच्या मांडीखालून घातलं. ते आरपार गेलं.

"हिला तयार कोण करतं?"

 रुईफांग सुमेईकडे बघत होती आणि सुमेई वस्तादाच्या फोटोकडे.

निवड मिनची झाली. दुसऱ्या दिवशी तिला तपासणीसाठी जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. संध्याकाळी सुमेई परतली ती लेकीला पाठीवर घेऊन. खुब्याच्या खाचेची कड फाटली होती. जुनं आहे, डॉक्टर म्हणाला, आधी कधी बोलली कशी नाही? संघाच्या माणसाने तिथेच तिच्या नावावर काट मारली आणि तो दुसऱ्या शाळेकडे निघून गेला.

सुमेईने मिनला निजवलं आणि ती तालमीत आली. रुईफांग तिथेच होती, गाद्या रचत. तिने वळूनही पाहिलं नाही.

"तू माझ्या पोरीला दाबलंच नाहीस."

"नाही."

"एकदाही?"

"पहिल्या दिवशी हात लावला. तिने वळून विचारलं, मावशी, आईला कुठवर ऐकू जातं? म्हटलं, भिंतीपलीकडे जातं. तशी ओरडायला लागली. मी हात काढून घेतला तरी ओरडतच होती. नंतर रोज तेच. गादीवर बसून माझ्या बिया खायची, आणि आठवण झाली की किंकाळी."

रुईफांगच्या हातातली गादी खाली पडली. "आणि तू गंमत बघितलीस? तिचं आयुष्य मातीत घातलंस!"

"मी म्हटलं, ताईला कळेल." सुमेईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "इतकी पोरं दाबलीस तू. खरं ओरडणं कुठलं नि खोटं कुठलं, तुला नाही कळणार? तेही स्वतःच्या पोरीचं? म्हटलं, ही समजेल मी हिच्या लेकीला जपतेय, आणि माझ्या लेकीवरचा गुडघा हलका करेल. रोज वाट बघितली मी."

"मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

"काय बोलू? त्या फोटोखाली उभी राहून म्हणू, माझ्या पोरीवर दया कर? दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत तूच सांगत फिरली असतीस."

फिरली असती. रुईफांगने गादी उचलली, झटकली आणि झटकलेलीच परत झटकली.

"मिन रडली का गं कधी तुझ्याकडे?" सुमेईने विचारलं.

"नाही. शहाणी पोर आहे."

"हं. शहाणी." सुमेई दारापर्यंत गेली आणि थांबली. "तो माणूस पुढच्या वर्षी येईल. तुझ्या पोरीच्या वयाला तेवढी एकच संधी उरलीय. उद्यापासून तिला खरं दाबते. तू माझीला दाबलंस तसं. नको असेल तर आत्ता सांग."

रुईफांगच्या ओठांवर शब्द आला होता. बारकासाच होता. तो उच्चारला असता तर या तालमीत घालवलेला तिचा सगळा जन्म चुकीचा ठरला असता, आणि ज्या पाठींवर तिने गुडघा रोवला त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या असत्या.

"दार नीट लावून घेत जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याच्या खोलीत कुणीच नव्हतं. तरी ती आत गेली. भिंतीपलीकडे दार लागल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही. मग किंकाळी आली.

"मेले गं आई! मेले!"

तेच शब्द होते. तसाच मध्येच तुटणारा श्वास, शेवटी तसाच चिरकलेला सूर. रुईफांगने डोळे मिटून ऐकलं. दुसरी किंकाळी आली, तिसरी आली. सुमेई दाबत होती की बिया फोडत होती, तिला काही केल्या ओळखता येईना.

बाहेर बाकीच्या मुली भिंतीला पाय लावून ओळीने बसल्या होत्या. त्यातली एक कळवळून ओरडली, "कोच, अजून किती वेळ असंच बसायचं?"

"मी सांगेपर्यंत," रुईफांग म्हणाली, आणि तिने कान भिंतीला लावला.