आठ बैलांची गाडी

"दुधाचा गंज होता हा. आता याच्यात लोखंडाच्या सात्या रॉकेल पिऊन राहिल्या."

सासूबाई गंजाशी बोलत होत्या. आवाज मात्र असा बेताचा लावला होता, की दाराबाहेर अंगणात बसलेल्या जावयाला शब्द न् शब्द ऐकू जावा. गंजात, म्हणजे दुधाच्या त्या उभट पातेल्यात, इंजिनाचे व्हॉल्व्ह भिजत पडले होते. लांब दांडा आणि वर चपटी टोपी, पावसाळ्यात रानात सात्या नावाच्या अळंब्या उगवतात अगदी तसे. त्यात रॉकेल रेशनचं.

अंगणातून चंपतरावांनी हातातल्या पान्याला सांगितलं, "गंज उद्या राखेनं घासून देतो म्हणा. चांदीवानी करून देतो."

"चांदी नको म्हणा. वास गेला तरी लय झालं," सासूबाई गंजाला म्हणाल्या.

आमच्या घरची ही जुनी रीत. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि तिसऱ्या माणसाकरवी निरोप द्यायचा. तिसरा माणूस बहुतेक मीच असे. मी कामात असले तर गंज, पाना, झाडू, शेजारची मांजर, कोणीही चालायचं. चंपतराव जावई होऊन पंचवीस वर्षं झाली असतील, पण सासूबाईंनी त्यांना तोंडावर एक वाक्य म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

गाडी मामंजींची. लढाई संपल्यावर लष्करानं डिस्पोजलमध्ये काढली, ती त्यांनी लिलावात घेतली. चपट्या नाकाची, हिरवी, बसकी. तिच्यात त्यांनी सावनेरकडची संत्री आणि कापूस वाहिला. इंजिनात आठ सिलिंडर, म्हणून ते तिला आठ बैलांची गाडी म्हणायचे. घरचे खरे बैल विकले गेले, तेव्हापासून पोळ्याला हिचीच पूजा व्हायची. पुढं एका उन्हाळ्यात काटोलच्या रस्त्यावर पाणी उकळून इंजिन जाम झालं. त्याच वर्षी मामंजी गेले. गाडी नागपुरात नंदनवनच्या आमच्या प्लॉटवर कडुनिंबाखाली जी उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांना आवडायची.

मग माझी नणंद गोपिका गेली. चंपतराव तिच्या माहेरी तिच्या लुगड्यांची पेटी पोचवायला आले. मूलबाळ नाही, सावनेरला कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये एकटे. चहा झाला, बोलणं संपलं. कुठं पाहावं ते त्यांना कळेना, म्हणून ते गाडीकडे पाहत बसले. उठताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "रुपराव, याचं डोकं खोलून पाहू का?"

पुढच्या शनिवारी ते अवजारांची थैली घेऊन एसटीनं आले. आणि येतच राहिले. शनिवारी यायचे, ओसरीवर झोपायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत.

इंजिनाचं डोकं उचललं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. जाड लोखंडी तव्यासारखं ते सपाट झाकण. "पाहा वैनी, डोक्यात काहीच नाही. व्हॉल्व्ह-गिल्व्ह सगळं खाली, पोटात."

"मंग आमच्या साहेबावानीच आहे," हे म्हणाले. हे खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये स्टोअरला होते, आणि साहेबाचा विषय निघाला नाही असा त्यांचा रविवार गेला नाही.

दोघांनी मिळून ते इंजिन पार उघडं केलं. पिस्टन काढले, सिलिंडर बोअर करून आणले, रिंगा नव्या घातल्या. माझ्या ओसरीवर पापड वाळायला जागा उरली नाही. पण खरं सांगायचं तर ते दिवस बरे होते. दोन माणसं वाकून एका गोष्टीत रमलेली असली, की घरात पंखा सुरू असल्यासारखं वाटतं. आवाज असतो, पण झोप लागते.

व्हॉल्व्हचं काम सर्वांत किचकट. या जुन्या इंजिनात दांड्याखालची फट कमीजास्त करायला स्क्रू नसतो. दांड्याचं टोक कानशीनं घासायचं, पातळ पत्ती घालून फट पाहायची, पुन्हा घासायचं. कमी घासलं तर व्हॉल्व्ह जळतो. जास्त घासलं तर गेलाच, कारण लोखंड काही परत चिकटवता येत नाही.

गेल्या वर्षी आषाढात शेवटचा व्हॉल्व्ह राहिला होता. मी चहा घेऊन उभी होते. चंपतरावांनी पत्ती घातली, ती किंचित अडकत सरकली. फट बरोबर झाली होती. इतके शनिवार पाहून तेवढं मलाही कळायला लागलं होतं. त्यांनी व्हॉल्व्ह बाहेर काढला, कुणाकडेच पाहिलं नाही, आणि आणखी कानस मारली. कर्र, कर्र.

"गेला," ते म्हणाले.

"जाऊ द्या," हे म्हणाले. "भंगारात दुसरा भेटन."

"शोधा लागन. टाइम लागन."

"लागू द्या ना. गाडीले कोणाच्या लग्नाले जायचं आहे?"

आतून सासूबाईंनी तव्याला ऐकवलं, "एवढे मोठे मिस्तरी म्हणे!" आणि तव्यावर शेवटची भाकर टाकली. ही भाकर त्या नेहमी जास्त वेळ ठेवत. चंपतरावांना कडक लागते.

हे समजायला शहाणपण लागत नव्हतं. गाडी सुरू झाली, की शनिवारी यायला कारण संपलं. आणि 'कारण कशाला, इथंच राहा' असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याला एक जुनी गोष्ट कारणीभूत होती. लग्नाच्या नवलाईत मामंजींनी त्यांना म्हटलं होतं, खाणीची नोकरी सोडा, इथं या, गाडी चालवा, घर आपलंच आहे. चंपतराव ताटावरून उठले होते. "मी घरजावई होणार नाही," एवढंच म्हणाले होते. अर्धी भाकर ताटात तशीच राहिली. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. मागच्या गल्लीत कवडू नावाचा एक खरोखरीचा घरजावई राहायचा. त्याला आम्ही 'ते कोपऱ्यावरचे' म्हणायचो.

यंदा श्रावणात, म्हणजे आमची मुलगी सत्यवती सासरी गेली त्याच्या पुढच्या साली, चंपतराव आले. जेवताना त्यांनी समोरच्या तांब्याला सांगितलं, "रिटायर झालो. क्वार्टर सोडा लागते. बल्लारशाचा पुतण्या, चंद्रभान, बोलावून राहिला. पोळ्यापर्यंत गाडी चालू करून देतो अन् तिकडंच जातो."

कुणी घास उचलेना. सासूबाईंनी पदर पुढं ओढला आणि वरणाच्या पळीला म्हणाल्या, "बल्लारशाले उन्हाळ्यात झाडावरून पाखरं पडतात म्हणे."

"भाऊजी, आत्याबाई म्हणतात तिकडे फार ऊन," मी निरोप पोचवला.

"नागपुरात काय सावली आहे, वैनी?"

सासूबाईंनी त्याच पळीनं त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं.

त्यानंतर त्यांच्या हातून एकही वस्तू बिघडेना. ते आम्हाला मुळीच आवडलं नाही. व्हॉल्व्ह पहिल्या झटक्यात बसले. तांब्याचं गॅस्केट ठेवलं, डोक्याचे नट मधून कडेकडे थोडे थोडे आवळले. मी कपडे वाळत घालता घालता ह्यांना गाठलं.

"तुम्ही म्हणा ना त्यांना."

"मी काहून? थो माणूस एकदा ताटावरून उठला आहे."

"मग आत्याबाईंना सांगा, त्या म्हणतील."

"माय? माय त्याच्याशी बोलत तरी असते का?" हे म्हणाले. "अन् थे तर रोज त्याच्या नावानं कुरकुरते. तिले सुटल्यावानीच होईन."

पोळ्याच्या आदल्या दिवशी चंपतराव सकाळीच आले. बरोबर थैली नव्हती, लोखंडी पेटी होती. ती त्यांनी ओसरीच्या कडेला ठेवली. कुलूप लावलेली, वर दोरीनं बांधलेली वळकटी. सासूबाई दोनदा तिच्या बाजूनं गेल्या, तिच्याकडे न पाहता.

इंजिन तयार होतं. फक्त सुरू करायचं होतं. आणि तेव्हा रोटर सापडेना.

रोटर म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटतो तो हा. तो नसेल तर आठही बैल बसून. गेल्या शनिवारी चंपतरावांनी तो स्वतः पुसून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला होता. कोनाडा पाहिला, थैल्या उलट्या केल्या, कोंबड्यांची खुराडी झाडली. हे चुलीतली राखसुद्धा चाळून आले. सासूबाई दारात बसून वाती वळत होत्या.

"लोकाइले आपली वस्तू सांभाळता येत नाही," त्या कापसाला म्हणाल्या.

दुपार ढळल्यावर मी भाताला तांदूळ काढायला डब्यात हात घातला, आणि बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. काढून पाहिलं. काळा तुकडा, पितळेची पट्टी.

मागं वळले तर सासूबाई दाराशी उभ्या. माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहत होत्या.

"भात थोडा जास्त टाक वं," त्या म्हणाल्या. "आपण चौघं आहो."

मी रोटर होता तिथं ठेवला आणि वरून तांदूळ सारखे केले.

संध्याकाळी खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात, वर्षभराचं ओझं उतरावं म्हणून. सासूबाई वाटी घेऊन गाडीजवळ गेल्या आणि दोन्ही मडगार्डांना लोणी चोळायला लागल्या. चंपतराव आपल्या पेटीवर बसून होते. दिवसभर शोधून दमलेले. हातातल्या पान्याला म्हणाले, "राहिलं म्हणायचं. गोपिकाले शब्द दिला होता. शेवटी शेवटी दवाखान्यात ते हेच म्हणे, बाबाची गाडी एकदा बोलती करा. म्हटलं, करतो. तरी मी एक वर्ष उगाच लांबवलं. आता तिले काय सांगू?"

सासूबाईंचा हात मडगार्डवर थांबला. ही गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. त्या वाटी तिथंच ठेवून घरात गेल्या. आत डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या लोण्याच्या हाताला तांदळाचे दाणे चिकटलेले होते. त्यांनी मूठ चंपतरावांसमोर उघडली.

चंपतरावांनी रोटरकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं. दोन बोटांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि गाडीशी गेले.

बसवायला काही वेळ लागला नाही. ह्यांनी कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं. चंपतरावांनी पुढून हँडल मारलं. एकदा नुसता उसासा. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा निळा धूर, कोंबड्या सैरावैरा, आणि मग ते आठही एकदम बोलले. जाड, घोगरा, सारखा आवाज. मडगार्डवरचं लोणी थरथरायला लागलं. हे लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. चंपतराव आत चढून सीटवर बसले होते, हात चाकावर, डोळे मिटलेले.

सासूबाईंनी गाडीच्या नाकाला हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं बैलांना म्हणतात ते म्हणाल्या असाव्यात, कारण ओठ तसे हलले. मग माझ्याजवळ येऊन काहीतरी म्हणाल्या आणि चंपतरावांकडे बोट केलं.

"काय म्हणता?" मी ओरडले.

त्यांनी पुन्हा सांगितलं. थोडंसं मला ऐकू आलं. पण काही निरोप तिसऱ्या माणसानं नेऊ नयेत.

"मला काही ऐकू येत नाही, आत्याबाई! तुम्हीच सांगा!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी सून असती तर तिथंच विरघळली असती. मग पदर कमरेला खोचला, मडगार्डला धरून गाडीच्या दारापाशी गेल्या, आणि वर तोंड करून ओरडायला लागल्या. चंपतरावांनी डोळे उघडले. सासू आपल्या तोंडाकडे पाहून बोलते आहे, आणि आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही, हे पाहून त्यांनी घाईघाईनं स्विच बंद केला. इंजिन थांबलं. सासूबाई थांबल्या नाहीत, आणि कवडूच्या घरापर्यंत सगळ्या गल्लीनं ऐकलं:

"घरजावई म्हणतीन तर म्हणू द्या लोकाइले! सत्यवतीची खोली रिकामी आहे, पेटी आत न्या, अन् राहा इथंच!"