येथे पक्षी भरून मिळतील

पक्षी मरतो, त्याचं सौंदर्य मरत नाही, असं मार्तंडराव घाटबांधे म्हणत. सौंदर्याला वास येतो, असं त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणत, आणि अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात घरी येणाऱ्या पाहुण्यांचं मत त्यांच्याच बाजूला झुकलं होतं.

मार्तंडरावांनी एका संग्रहालयात सत्तावीस वर्षं मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि कपाटात न मावणारे एकतीस पक्षी मिळाले. पक्षी बैठकीत आले. करकोचा रेडिओवर उभा राहिला, घुबड देव्हाऱ्याकडे बघत बसलं.

"दसऱ्यापर्यंत दुकान पाहा," प्रमोदिनीबाईंनी बजावलं. "अन् असं पाहा, जिथं माणसं येतीन. नाहीतर एकेकाले बंबात घालते. पेंढाच तं आहे. आंघोळीचं पाणी लवकर तापन."

त्या दिवसापासून मार्तंडराव आंघोळीआधी बंबात डोकावून पाहू लागले.

धंदा म्हणजे जागा, असं त्यांचं ठाम मत होतं. पहिली जागा त्यांनी नागपुरातल्या रामदासपेठेत घेतली. मोठे बंगले, मोठ्या बैठकी, भिंतींवर नुसती वाया गेलेली जागा. त्यांनी 'येथे पक्षी भरून मिळतील' अशी पाटी लावली आणि खिडकीत करकोचा ठेवला. शेजारी दवाखाना होता. चौथ्या दिवशी तिथले डॉक्टर स्वतः आले.

"घाटबांधेजी, पेशंट आधी तुमची खिडकी पाहते, मंग माह्या दाराशी येते. काल तिघं तसेच परत गेले. एका बाईनं तर विचारलं, डॉक्टरसाहेब, तुमच्या हातून गेलेले तिकडं पाठवता काय?"

करकोचा सायकलच्या कॅरियरवर बसून घरी आला.

मग मार्तंडरावांनी गर्दी शोधली. ती त्यांना एका सावजी खानावळीसमोर सापडली. शेजारची खोली रिकामी होती. पाटी तीच लावली. पहिल्याच दुपारी चार गिऱ्हाइकं आली आणि मार्तंडरावांना भरून आलं. चौघांचा पुढारी शालिकराम नावाचा ट्रकमालक होता.

"तित्तर भेटन?"

"भेटन. तुमचा आणला का माझा देऊ?"

"तुमचाच द्या. किती वेळ लागन?"

"तीन आठवडे."

शालिकराम बाकावर बसला. "एवढं काय भरता जी त्यात?"

"पेंढा. थोडा कापूस. अन् आतून सोमल लावतो."

"सोमल? विष?"

"किडे पडू नये म्हणून."

"अन् मसाला?"

"मसाला नाही."

शालिकराम उठला. "सोमल चालन एक वेळ," तो सोबत्यांना म्हणाला, "पण बिना मसाल्याचं काहून खायचं?"

खानावळीचा मालक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, पाटी काढा नाहीतर चूल घाला.

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. रावण जाळतात त्या मैदानाच्या वाटेवर भैय्याजींचं छत्री-दुरुस्तीचं बंद दुकान मिळालं. सात दिवस तिथे कोणी फिरकलं नाही. इकडे घरी प्रमोदिनीबाईंनी बंब चिंचेने घासून लखलखीत केला.

दसऱ्याच्या सकाळी, निळ्या पंखांवर निदान ऊन तरी छान पडेल म्हणून, मार्तंडरावांनी खिडकीत एकतीसांतला नीलकंठ पक्षी ठेवला. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, म्हणून त्या दिवशी अर्धं नागपूर मान वर करून फिरतं. नीलकंठाला हे ठाऊक असावं. तो दिसत नाही. झेंडूची टोपली घेऊन चाललेल्या पंचफुलाबाई खिडकीशी थबकल्या.

"अवं माय! नीलकंठ! खिडकीत बसून राहिला!"

दहा मिनिटांत रांग लागली. लोकांनी हात जोडले, खिडकीच्या कट्ट्यावर आपट्याचं सोनं वाहिलं. एकाने पोराच्या परीक्षेचा नंबर वाचून दाखवला. तेवढ्यात नत्थूजी आला. तो दरवर्षी पिंजऱ्यातला जिवंत नीलकंठ दारोदार दाखवायचा.

"अरे, मेलेला आहे गा तो!" नत्थूजी ओरडला.

"तुझा तं पाठ करून बसला," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अन् हा पाहा, डोळ्याले डोळा लावून दर्शन देऊन राहिला."

तो डोळा काचेचा होता. नत्थूजीने त्यात बराच वेळ पाहिलं, मग पिंजरा खाली ठेवला आणि रांगेत उभा राहिला.

अकराच्या सुमारास प्रमोदिनीबाई नवं लुगडं नेसून आल्या. रांग पानठेल्याला वळसा घालून गेली होती. मी यांची बायको आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. तीन बायांनी आम्हीपण कोणाच्या ना कोणाच्या बायकाच आहोत म्हणून मागे ढकललं. पाऊण तासाने त्या खिडकीशी पोचल्या आणि त्यांनी हात जोडले.

"ठीक आहे," त्या काचेतून नवऱ्याला म्हणाल्या. "पुढची रांग लागतपर्यंत बंबात लाकडंच घालीन."

मार्तंडरावांनी तिथल्या तिथं दुकानमालक भैय्याजींना जागा पक्की केल्याचं सांगितलं.

पुढच्या वर्षी अधिक महिना होता. दसरा तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांनी आला.