उपडे घमेले

रविवार, १८ मे २०२५. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी चाकूर तालुक्यातल्या एका वादळग्रस्त गावात टेम्पो थांबला आणि नांदेडच्या एका तंत्रनिकेतनातले तेवीस विद्यार्थी फावडी-घमेली घेऊन उतरले. पडक्या भिंतीपाशी घरमालक गुंडप्पांनी काठी आडवी धरली.

"माती लांब टाकायची न्हाई. हितंच अंगणात पसरा. हरेक घमेलं माझ्यासमोर रितं झालं पाहिजे."

"आमच्या सरांपेक्षा लई कडक हायत," सुकन्या नावाची मुलगी पुटपुटली. पोरे हसली.

गुंडप्पा हसले नाहीत. शुक्रवारच्या वादळाने घराचे पत्रे उडवले, मागची भिंत पाडली, ते सगळ्यांना दिसत होते. न दिसणारे नुकसान वेगळे होते. घाईने बाहेर पडताना गळ्यातला दोरा तुटला आणि चांदीच्या चौकीसह, म्हणजे डबीसह, लिंगायताने जन्मभर अंगावर बाळगायचे इष्टलिंग ढिगाऱ्यात गेले. लिंगपूजेवाचून अन्नाला शिवायचे नाही, हा नेम दीक्षेपासून कधी मोडला नव्हता. शुक्रवारपासून ते पाण्यावर होते. अंगावरचे लिंग हरवले, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगावे? ठाऊक होते फक्त बायकोला.

"पोरांना सांगा तरी," पार्वतम्मा हळूच म्हणाल्या. "त्यांचे डोळे तरणे हायत."

"चांदी म्हटली की डोळे आणखी तरणे होतात."

ढिगाऱ्यावर फावडे चालवणाऱ्या पोराला त्यांनी हटकले. "नाव काय?"

"श्रीमंत. हिमायतनगरचा."

"आडनाव?"

फावडे थांबले. "माती उचलायला आडनाव लागत न्हाई, आजोबा."

गुंडप्पांनी काय ओळखायचे ते ओळखले. त्यानंतर त्यांची नजर त्या पोराच्या हातांवरून हलली नाही.

अकराच्या सुमारास श्रीमंत एकाएकी खाली वाकला. त्याने इकडेतिकडे पाहिले, रिकामे घमेले मातीवर उपडे घातले आणि शेजारी फावडे रोवून उभा राहिला. सुकन्या तिकडून निघाली, तेव्हा म्हणाला, "हिकडून नको. वळसा घाल."

गुंडप्पा काठी टेकत ढिगाऱ्यावर चढले.

"काय झाकून राहिला रे? उचल ते."

"तुम्हीच उचला."

"चोर सापडला की असंच बोलतो."

छपरावर पत्रे ठोकणाऱ्या पोरांचे हातोडे थांबले. श्रीमंत दोन पावले मागे सरला. गुंडप्पांनी घमेले उचलले. खाली अर्धी रुतलेली चौकी होती, तुटक्या दोऱ्यासकट.

"कुणाचा पाय पडू नये म्हणून झाकलं," श्रीमंत म्हणाला. "हात न्हाई लावला. तुम्ही आडनाव विचारलं होतं."

गुंडप्पा तिथेच मातीत बसले. उठताना त्यांना काठी पुरली नाही. सुकन्याने दंड धरला.

आंघोळ करून, अजून पत्रे न चढलेल्या खोलीत त्यांनी तळहातावर लिंग घेतले. पूजा आटोपेपर्यंत पत्र्यावर एकही ठोका पडला नाही. तसे कुणी सांगितलेले नव्हते.

दुपारी पोरांनी टेम्पोतून खिचडीचे पातेले उतरवले. पार्वतम्मांनी आत ताट मांडले होते. गुंडप्पा ते रिकामेच उचलून अंगणात आले आणि श्रीमंतच्या शेजारी बसले.

"वाढ," ते म्हणाले.

श्रीमंतने आधी ताटाकडे, मग बाजूला ठेवलेल्या काठीकडे पाहिले. पळी उचलून त्याने ताटात खिचडी वाढली.

तेवीस पोरांच्या त्या पंगतीत पाने वाढली गेली चोवीस.