पहिला मान जावयाचा

शहापूरच्या तुलारामजींनी हायब्रिड गाडी आणली तेव्हा गावाने तिच्यात एकच गोष्ट शोधली : प्लग लावायची जागा. ती सापडली नाही. गाडी पेट्रोलवरही चालते, विजेवरही चालते, आणि वीज चालता चालता स्वतःच तयार करते, असं तुलारामजी सांगत. गाव ऐकून घेई आणि ते घरात गेले की यांनी तार कोणाच्या मीटरवरून ओढली असेल, यावर चर्चा करी. खरं तर गाडीचं तंत्र तुलारामजींनाही गावाइतकंच कळलं होतं. फरक इतकाच, की चावी त्यांच्याकडे होती.

मानपान मात्र त्यांना पक्का कळत होता. दारात गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि गाडी पोचवायला आलेल्या शोरूमच्या माणसाने विचारलं, "काका, गाडीले पहिले कोणाचा फोन जोडू? पहिला फोन मेन राहते. तो जवळपास असला का गाडी बाकीच्यायले सोडून त्यालेच पकडते."

तुलारामजींना विचार करावा लागला नाही. त्यांच्या घरात पहिलं ताट जावयाचं, पंख्याखालची खुर्ची जावयाची, मटणातली नळी जावयाची. "पहिला मान जावयाचा," ते म्हणाले.

थोरल्या गुंजनचा नवरा प्रविण साकोलीहून खास आला होता. फीत कापायला बोलावलेल्या पुढाऱ्यासारखा तो दोन पावलं पुढे झाला आणि त्याने फोन दिला. सासूबाईंनी, म्हणजे सत्यभामाबाईंनी, फोनला कुंकू लावलं. त्यातलं थोडं चार्जिंगच्या भोकात गेलं, पण शुभकार्यात एवढं चालतं.

धाकटी रुपा भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "बाबा, गाडी तुमी चालवान न? मंग फोन तुमचा जोडा."

"तुले काय समजते?" बाबा म्हणाले. चार वर्षं नर्सिंग शिकून पेशंटांच्या जिवाची जबाबदारी घेणाऱ्या मुलीला घरात पोचताच काही समजेनासं होई.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गावोगावचे पाहुणे येतात, रात्री नाटक बघतात आणि दिवसा एकमेकांच्या पोरी बघतात. यंदा अड्याळच्या देवाजींनी रुपा बघितली आणि आपल्या हेमराजसाठी पसंत केली. मध्यस्थ अर्थातच प्रविण. रुपाला मुलगा वाईट वाटला नाही. तिचं म्हणणं एकच होतं : लग्नानंतर नोकरी चालू राहील, हे बाबांनी स्वतः विचारून घ्यावं.

"पोरीवाल्यानं असं विचारत नसतेत," तुलारामजी म्हणाले. "जावई हायेत न मधात. त्यायनं सांगतलं, नोकरीले ना नाही."

"भाऊजी सांगते, देवाजी काका नाही सांगत."

"एकच झालं."

रविवारी बोलणी पक्की करायला अड्याळला जायचं ठरलं. वाटेत भंडाऱ्याला रुपाला ड्युटीवर सोडायचं होतं. ती युनिफॉर्म घालून मागे आईशेजारी बसली. आईच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. तुलारामजींनी गाडी चालू केली. ती विजेवर असल्याने आवाज न करता चालू झाली, त्यामुळे त्यांनी सवयीप्रमाणे आणखी एकदा चालू केली, म्हणजे बंद केली, आणि मग पुन्हा चालू केली. पुढची सीट जावयासाठी रिकामी होती. जावई दहा पावलांवर पानठेल्यासमोर उभे राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. दोन्ही हात कामात, फोन खिशात, सायलेंटवर.

गाडीत घंटी वाजली. स्क्रीनवर नाव आलं : देवाजी अड्याळ. आपल्या गाडीत वाजलेला फोन आपलाच, अशी तुलारामजींची समजूत. त्यांनी स्टिअरिंगवरचं हिरवं बटण दाबलं आणि "हं" म्हटलं. देवाजींना तेवढं पुरलं.

"जावईबापू, आयका. तुमचे सासरे यायच्या आंधी सांगून ठेवतो. नोकरीचं विचारलं त मी हो म्हनीन. हो म्हनाले काय जाते? लगन लागलं का महिन्याभरात सोडवतो. घरी तीन म्हशी हायेत, बुढीच्यानं आता होत नाही. तुमी शब्द पाळला, मीबी पाळतो. बसस्टँडवरचा गाळा तुमच्या दुकानाले पक्का."

गाडीला सहा स्पीकर होते. शोरूमवाल्याने त्यांचं फार कौतुक केलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

तुलारामजी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. रुपा दोन सीटांच्या मधून पुढे वाकली.

"काका, मी रुपा बोलतो. म्हशीयसाठी बाई पाहा. मी ड्युटीवर जाऊन राहिलो."

फोन कटला. सत्यभामाबाई भानावर आल्या. "जावयाचा फोन तुमी काहून उचलला?" इतकं सगळं ऐकून त्यांना पहिली चूक ही दिसली.

"माह्या गाडीत वाजला म्हणून," तुलारामजी म्हणाले.

प्रविण आला, पुढे बसला, खर्रा गालात सरकवून सासऱ्यांना म्हणाला, "चला मामाजी."

रुपाने हात लांब करून स्क्रीनवरची फोनची यादी उघडली. पहिल्या नावावर बोट ठेवलं. फोन काढून टाकायचा का, असं गाडीने विचारलं. रुपाने बाबांकडे बघितलं. जावयाच्या ताटातली भाजीसुद्धा ज्यांनी कधी न विचारता उचलली नाही, ते तुलारामजी म्हणाले, "त्यायलेच विचार."

"भाऊजी, काढू काय?"

प्रविणने खिशातून फोन काढला. कॉलच्या यादीत सगळ्यात वर होतं : देवाजी, एक मिनिट. आपण न बोललेलं ते एक मिनिट त्याने दोनदा वाचलं आणि त्या भरात खर्रा गिळला. "काढा," तो म्हणाला.

गाडी निघाली. अड्याळचा रस्ता भंडाऱ्यावरूनच जातो, त्यामुळे पाहणाऱ्या गावाला सगळं ठरल्याप्रमाणेच दिसलं.

दवाखान्यासमोर रुपा उतरली. तिने आईच्या मांडीवरचा पेढ्यांचा डबा घेतला. "वार्डात वाटतो," म्हणाली आणि आत गेली.

तुलारामजींनी गाडी अड्याळच्या रस्त्याला न लावता बसस्टँडवर नेली. साकोलीची बस लागलेली होती. ते स्वतः उतरले, बाहेरूनच हात वर करून ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून पहिल्या सीटवर आपला रुमाल टाकला आणि परत येऊन प्रविणचं दार अदबीने उघडलं.

"या जावईबापू," ते म्हणाले. "पहिली सीट धरली तुमच्यासाठी."