मोठ्या बाईंच्या खोलीतलं पान

पानाच्या पाठीला नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सोलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं, म्हणजे पानाची नाकं, मोजायची, एवढाच प्रयोग. सगळ्या वर्गाला दिसली, एकीलाच नाही.

"घाई केली असशील," मी खेकसले.

तिने चौथ्यांदा सोललं. मी स्वतः डोळा लावला. नुसत्या रेघा, नाक एकही नाही!

"पान आणलंस कुठून?"

"मोठ्या बाईंच्या खोलीतल्या कुंडीतलं. शिपाईकाकांना विचारून."

आम्ही तडक तिथे गेलो. मी एक पान चुरगाळलं, तर ते पुन्हा ताठ झालं. चक्क प्लास्टिक!

शिपाईकाका झारी घेऊन दारातच थबकले.

"सहा वर्षं रोज पाणी घालतोय, बाई," ते म्हणाले. "माती रोज कोरडी होते. मग पितंय कोण?"