दोन शेतांमधला अर्धा बांध

मित्रांनो, बूग नदीच्या अलीकडील सपाट शिवारात, गहू आणि राय या दोन धान्यांच्या शेतांमधोमध पसरलेला मी एक जुना बांध आहे. सांप्रत मी अर्धाच उरलो आहे, तरी स्वतःला बांध म्हणवून घेण्याचा हक्क मी सोडलेला नाही.

मला कोणी मुद्दाम घडवले नाही. दोन शेजारी आपापल्या बाजूने नांगरीत आले आणि भांडण नको म्हणून दोघांनीही मध्ये थोडी जमीन सोडली. तोच मी. नांगराला लागलेले दगड ते माझ्या अंगावर टाकीत. त्या दगडांच्या फटींत सरडे राहू लागले, मुंग्यांनी वारुळे उभारली, आणि पाखराने टाकलेल्या बीजातून एक रानटी नासपती उगवली. त्या काळी आम्ही बांध पुष्कळ होतो. टोकाला टोक लावून आम्ही नदीपर्यंत पोहोचत असू. तितराची मादी पिल्लांना घेऊन आमच्याच आडोशाने पाण्यावर जात असे.

कालांतराने मोठी यंत्रे आली आणि माझे सोबती एकेक करून नांगराखाली गेले. तितरे येईनाशी झाली. मी मात्र वाचलो, तो गेनोवेफाबाईंमुळे. माझ्या एका बाजूचे शेत या विधवा बाईंचे, दुसऱ्या बाजूचे त्यांच्या भाच्याचे, म्हणजे राडेकचे. दोन्ही शेते तोच कसत असे. ऑगस्टमध्ये मारियामातेच्या सणाला गावच्या बायका रानफुलांची जुडी चर्चमध्ये नेतात, पाद्री तिच्यावर पवित्र जल शिंपडतात, आणि ती सुकवून वर्षभर घरी देवाच्या तसबिरीमागे ठेवतात. गेनोवेफाबाई आपली जुडी माझ्याच अंगावरून तोडीत. "सरक रे मुंगळ्या, तुझं घर नाही मागत मी," असे त्या पुटपुटत. वर्षातून एकदाच कोणी माझ्याजवळ बसे. मला तेवढे पुरत असे.

एका उन्हाळ्यात विद्यापीठातून यागना नावाची एक संशोधक बाई जाळी घेऊन आली. शेतांतील फुलपाखरे आणि मधमाश्या का कमी झाल्या, याचा ती शोध घेत होती. राडेकने ट्रॅक्टर थांबवला.

"मॅडम, फुलपाखरं धरायचा पगार मिळतो? आम्ही शाळा बुडवून हेच फुकट करायचो."

"मग तुम्ही माझे सीनियर झालात," ती हसून म्हणाली. नंतर माझ्या एका दगडावर बसून तिने त्याला समजावले, "शेताच्या कडेला फुलांचा पट्टा असू द्या. मधमाश्या टिकतील, पिकावरचा मावा खाणारे किडेही टिकतील."

माझा ऊर भरून आला. आयुष्यात प्रथमच कोणी शिकलेल्या माणसाने माझी बाजू घेतली होती. राडेकनेही ते मनापासून ऐकले, आणि तिथेच घात झाला.

वसंतात तो रस्त्याकडून नांगर घेऊन आला. माझी वारुळे फुटली, दगड उलथले. एवढ्यात पिठाच्या हातांनी गेनोवेफाबाई धावत आल्या.

"राडेक, थांब. काय चाललंय?"

"आत्या, फुलं पेरतोय. त्या मॅडमनीच सांगितलं."

"फुलं पेरायला फुलं उपटतोस?"

"हे तण आहे गं. मी पाकिटातली चांगली आणलीत. तुझ्या जुडीलाच होतील."

"पाकिटातली फुलं नेली तर मारियामाता मला ओळखणार तरी का? उतर खाली. उतर म्हणते ना."

तो उतरला. पटले म्हणून नव्हे, आत्या रागावली म्हणून. परंतु तोपर्यंत मी अर्धा झालो होतो.

त्या उन्हाळ्यात नांगरलेल्या जागी लाल-निळी फुले आली. येणारे-जाणारे फोटो काढीत. पुढच्या वर्षी तिथे नुसते काटेरी तण माजले. त्याच सुमारास यागना परत आली आणि माझ्या तुटलेल्या टोकापाशी थबकली.

"इथे बांध होता ना?"

"तुम्हीच म्हणालात, फुलांचा पट्टा करा."

"मी त्याच्यावरच बसले होते हो," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला तो दिसतोय."



त्या ऑगस्टमध्ये गेनोवेफाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. जुडीसाठी राडेक एकटाच आला आणि माझ्यावर गुडघे टेकून, एकेक काडी फोनपुढे धरून त्यांना दाखवू लागला.

"हे का आत्या?"

"ते गवत आहे, गाढवा."

"मग हे?"

"मला विचारू नकोस, वास घे. कसला येतोय?"

त्याने काडी नाकाशी धरली. "तुझ्या स्वयंपाकघराचा."

"मग तोड. मुळासकट ओढू नकोस."

थंडीत गेनोवेफाबाई गेल्या. गावच्या रिवाजाप्रमाणे ती जुडी शवपेटीत त्यांच्या उशाखाली ठेवली, असे राडेक शेतात बायकोला सांगत होता. त्याची बायको आता चर्चच्या दारात तयार जुडी विकत घेते.

माझ्या गेलेल्या अर्ध्या भागात हल्ली गहू असतो. पेरणीपूर्वी राडेक माझ्या तुटलेल्या टोकापाशी येतो, नांगर उचलतो आणि वळसा घालून जातो. एकदाही चुकत नाही. त्याचे उपकार मी मानतो. परंतु तो खाली उतरत नाही. ऑगस्टमध्ये माझ्यावर पिवळ्या बटणांसारखी फुले येतात, रानपुदिना दरवळतो, आणि सारे देठावरच वाळून जाते.

मित्रांनो, तुमच्या शिवारात असा एखादा बांध असेल, तर नवे काही पेरण्याआधी तिथे काय उगवले आहे ते वाकून पाहा. त्याला राखा. आणि राखल्यावर विसरू नका. अधूनमधून त्याच्या दगडावर जाऊन बसत जा.